कॅनवर काय लिहिलंय?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. वक्ते आपल्या सोसायटीचे माजी खजिनदार असून महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातील प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आहेत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

या व्याख्यानमालेत माझ्याआधी गुंतवणुकीवर बोलणं झालं, गुडघेदुखीवर झालं. दोन्हींना हॉल भरला होता. ब्लीच या विषयाला इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. चहा भाषणानंतर ठेवण्याची कल्पना आपल्या सेक्रेटरींची, तेव्हा श्रेय त्यांचं.

विषय कुठून निघाला ते सांगतो. गेल्या वार्षिक सभेत स्विमिंग पूलचा खर्च वाचून दाखवला, तेव्हा बी विंगमधल्या एका वहिनींनी विचारलं, "कंत्राटदार हायपोचे एवढे पैसे लावतो. तेच ब्लीच दुकानात बाटलीत मिळतं. ती बाटली ओतली तर काय बिघडतं?" पाठोपाठ टेरेस फ्लॅटवाल्यांपैकी एकांनी विचारलं, "आम्ही गच्चीवर नातवंडांसाठी छोटा तलाव केलाय. त्यात काय टाकायचं?" वेळ झाली होती, सभा उठली, आणि उत्तराची जबाबदारी माझ्यावर आली.

छोटं उत्तर असं, की बाटलीत नुसतं ब्लीच असेल, त्याची ताकद माहीत असेल आणि ते ताजं असेल, तर काहीच बिघडत नाही. त्या तीन 'तर'मध्ये किती काय अडकलंय, ते सांगायला मी उभा आहे. आणि ते सांगण्याआधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

जुन्या रहिवाशांना तो मे महिना आठवत असेल. मी खजिनदार होतो. नेहमीच्या पुरवठादाराने हायपोचा दर वाढवला, म्हणून मी दुसरीकडून स्वस्तातले कॅन आणले. त्याच माणसाकडून टाइल्स घासायचं अॅसिडही घेतलं. सगळे कॅन पांढरे, एकसारखे. लेबल नाही, तारीख नाही. पत्र्याच्या शेडखाली उन्हात ते महिनाभर पडून होते. तलाव हिरवा व्हायला लागला. मी म्हटलं, "जास्त टाका." जास्त टाकलं, तरी हिरवाच. सुट्टी लागलेली, मुलं रोज विचारतायत, आजोबा पूल कधी सुरू होणार.

मग एके दुपारी आपले मामा खाली पंपरूमची शेवाळलेली फरशी घासायला गेले. बादलीत हायपो होतं. त्याचा काही उपयोग होईना, म्हणून त्यांनी शेजारच्या कॅनमधलं थोडं वाढवलं. तो कॅन अॅसिडचा होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. वॉचमनने त्यांना बाहेर ओढलं, रिक्षात घातलं, आणि ते दोन दिवस दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो तेव्हा नको ते बोलून बसलो. म्हणालो, "मामा, बघून तरी टाकायचं." मामा खोकत खोकत म्हणाले, "साहेब, मला वाचता येतं. पण कॅनवर काही लिहिलेलंच नव्हतं."

तीस वर्षं मी सरकारी पगारावर पाण्यातला क्लोरीन मोजला. आणि स्वतःच्या सोसायटीत बिनलेबलचे कॅन आणले, कारण लिटरमागे चार पैसे वाचत होते. आज जे सांगणार आहे ते त्या वाक्यावरून शिकलेलं आहे.

आता मुळात ब्लीच म्हणजे काय? कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात क्लोरीन वायू मुरवला की सोडियम हायपोक्लोराइट तयार होतं. आपल्या भाषेत हायपो. ते पातळ केलं की घरगुती ब्लीच, जरा कडक ठेवलं की तलावाचं हायपो. द्रव्य एकच. म्हणून वहिनींचा प्रश्न चुकीचा नव्हता. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसजवळच्या जाव्हेल गावात कापड पांढरं करायला हे पाणी बनवत. जंतू मारायला त्याचा उपयोग होतो हे लोकांना नंतर उमगलं. १९०८ साली अमेरिकेत जर्सी सिटी शहराच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन कायमचा सुरू झाला. तोही याच कुळातला, ब्लीचिंग पावडरमधला. आपल्या गावाकडे विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर म्हणजे त्यांचीच चुलत बहीण.

ज्या वाटेने वायू आत गेला, त्याच वाटेने तो बाहेरही येतो. हायपोमध्ये अॅसिड पडलं की क्लोरीन वायू मोकळा होतो. मामांच्या बादलीत हेच झालं. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, म्हणून तो खाली साचतो. आणि आपली पंपरूम जमिनीखाली!

आता दुकानात चला. आधी लांबच्या दुकानात नेतो, कारण हा धडा मला तिथे नीट कळला. माझी मुलगी टेक्सासमध्ये असते. घरामागे तलाव आहे, साधारण आपल्या तलावाएवढाच. तिकडे घरच्या तलावात किराणा दुकानातलं ब्लीच टाकणं अगदी नेहमीचं. ती मला दुकानात घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही यातले तज्ज्ञ. कुठलं घेऊ?" समोर ब्लीचच्या बाटल्यांचं आख्खं कपाट. एक साधी. एक लव्हेंडरच्या वासाची. एक 'शिंतोडे न उडणारी'. एक 'रंगीत कपड्यांसाठी'. सगळ्यांवर मोठ्या अक्षरात ब्लीच. मोठी अक्षरं सोडून आम्ही मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो.

शिंतोडे न उडणाऱ्या बाटलीत द्रव घट्ट करायला साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं. कपड्यांना ठीक, पण तलावात टाकलं की फेस. वासाच्या बाटलीत अत्तर. त्याचा जंतू मारायला उपयोग नाही, आणि पाण्यात आणखी एक नको असलेली वस्तू. रंगीत कपड्यांच्या बाटलीत तर क्लोरीनच नव्हता, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. नाव ब्लीच, पण तलावाच्या दृष्टीने शून्य. उरली साधी बाटली. तिच्यावर लिहिलं होतं, सोडियम हायपोक्लोराइट साडेसात टक्के. आम्ही ती घेतली. मुलगी म्हणाली, "म्हणजे सगळ्यात साधी ती सगळ्यात चांगली?" मी म्हटलं, "तलावाला, हो."

आता आपल्या नाक्यावरच्या दुकानात या. इथे घोळ वेगळा आहे. आपल्याकडे फिनाईल, टॉयलेट क्लीनर, टाइल क्लीनर आणि ब्लीच एकाच फळीवर, खांद्याला खांदा लावून उभे असतात. त्यातले बरेचसे टॉयलेट क्लीनर अॅसिडचे असतात. म्हणजे ब्लीचचे हाडवैरी. घरातही आपण दोन्ही बाटल्या एकाच मोरीत ठेवतो. फिनाईल तलावात कधीच नाही. म्हणून कुठलीही बाटली किंवा कॅन हातात घेतला की तीन गोष्टी शोधा.

पहिली, ताकद किती. किती टक्के सोडियम हायपोक्लोराइट किंवा किती टक्के उपलब्ध क्लोरीन, हे लिहिलेलं हवं. दोन्हींत फरक थोडा आहे, घरगुती हिशेबाला चालून जातो. घरगुती बाटली साधारण ४-५ टक्क्यांची, तलावाचं हायपो १०-१२ टक्क्यांचं. काहीच लिहिलं नसेल तर परत ठेवा.

दुसरी, तारीख. हायपो पडून पडून मरतं. त्याचं हळूहळू मीठ-पाणी होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की उतरण्याचा वेग तिपटीच्या वर जातो. आणि द्रावण जितकं कडक तितकं ते जास्त वेगाने उतरतं. माझे ते कॅन मे महिन्यात पत्र्याखाली होते. आत काय उरलं असेल त्याचा अंदाज करा. मी 'जास्त टाका' म्हणत होतो, म्हणजे बऱ्यापैकी मीठच वाढवत होतो. २०२० साली जिने आणि लिफ्ट पुसायला आणलेल्या हायपोचे दोन कॅन दोन वर्षांनी सापडले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "तलावात वापरून टाकू." म्हणून पुन्हा सांगतो, वस्तू संपवायची म्हणून तलावात टाकायची नाही.

तिसरी, आणखी काय घातलंय. सुगंध, फेस, घट्टपणा, रंग यातलं काहीही लिहिलेलं असेल तर ते कपड्यांना आणि फरशीला. तलावाला नको.

आता हिशेब. घाबरू नका, चौथीचं गणित आहे. पाण्यातला क्लोरीन पीपीएममध्ये मोजतात. १ पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम. आपला तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे ६० घनमीटर, ६०,००० लिटर. त्यात १ पीपीएम वाढवायला ६० ग्रॅम क्लोरीन लागतो. ५ टक्क्यांच्या ब्लीचमध्ये एका लिटरला सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे १२०० मिलि लागेल. १० टक्क्यांचं असेल तर ६०० मिलि. उन्हाळ्यात, मुलांच्या गर्दीत, दिवसाला अडीच पीपीएमसुद्धा सहज खर्च होतात. म्हणजे घरगुती ब्लीचच्या अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या. रोज.

डेअरीत दुधाचा भाव फॅट बघून ठरतो ना? तसंच इथे. बाटलीचा भाव बघू नका, आत क्लोरीन किती ग्रॅम आहे ते बघा आणि किमतीला त्याने भागा. अर्ध्या लिटरच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम. एक लिटर १० टक्क्यांच्या हायपोत १०० ग्रॅम. दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर भागाकार करा. आपल्या मोठ्या तलावाला बहुतेक वेळा लेबल आणि तारीख असलेला कॅनच स्वस्त पडेल. वहिनी, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर. बाटली चालते, अडीअडचणीला जरूर वापरावी. रोजच्याला परवडत नाही.

गच्चीवरच्या तलावाचं उलट आहे. ३ मीटर बाय २ मीटर, अर्धा मीटर पाणी, म्हणजे ३,००० लिटर. (जाता जाता, ते स्लॅबवर तीन टन वजन आहे. कमिटीला विचारल्याशिवाय भरू नका.) त्यात २ पीपीएमसाठी ६ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ५ टक्क्यांचं साधं ब्लीच १२० मिलि. औषधाच्या मापाने मोजा, 'अंदाजे अर्धी वाटी' नको. इथे घरगुती बाटली अगदी योग्य. मोठा कॅन आणाल तर संपेपर्यंत तो मरेल. आणि हवा भरून फुगवायचे ते दोन-तीनशे लिटरचे तलाव असतात, त्यांत काही टाकूच नका. संध्याकाळी ते पाणी झाडांना द्या आणि उद्या नवीन भरा.

कुणी विचारेल, ब्लीचिंग पावडर का नको? ताजी असेल तर तिच्यात तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पण तिच्यात चुनाही असतो. पाणी गढूळ होतं, तळाशी गाळ बसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरचं बोअरचं पाणी, ते आधीच जड. त्यात आणखी चुना कशाला? शिवाय पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं की पावडर नुसती पांढरी माती होते.

आणि त्या पांढऱ्या गोळ्या, तरंगत्या डबीत ठेवतात त्या? सोयीच्या आहेत. पण त्यांतल्या बहुतेक गोळ्या क्लोरीनबरोबर सायन्युरिक अॅसिडही सोडतात. त्याचा फायदा खरा आहे. उघड्यावरच्या तलावात साधा क्लोरीन कडक उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो, सायन्युरिक त्याला धरून ठेवतं. पण ते स्वतः संपत नाही, साठत जातं. फार साठलं की क्लोरीन असूनही आळशी होतो. मग उपाय एकच, पाणी काढून नवीन भरणं. आपला तलाव पूर्ण रिकामा करणं म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. मे महिन्यात ते कुणाला मागायचे? म्हणून आपण रोजच्याला साधं हायपो वापरतो आणि ते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पंप चालू असताना टाकतो.

आता टाकल्यानंतरचं काम. क्लोरीन टाकला म्हणजे काम झालं असं नाही, मोजला म्हणजे झालं. पोहायच्या पाण्यात मोकळा क्लोरीन निदान १ पीपीएम हवाच, आपण १ ते ३ ठेवतो. सायन्युरिक असलेल्या तलावात निदान २. आमच्या खात्यात नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायचो, पिवळा रंग यायचा. पण ओटीचा पिवळा रंग मोकळा आणि घामा-लघवीशी आधीच जोडला गेलेला, दोन्ही क्लोरीन मिळून दाखवतो. तलावाला डीपीडीची गोळी घ्या. तिचा गुलाबी रंग मोकळा क्लोरीन सांगतो. एक खोच लक्षात ठेवा. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग येता येता उडून जातो आणि पाणी स्वच्छ दिसतं. माणसाला वाटतं क्लोरीन शून्य, आणि तो आणखी ओततो. शंका आली तर बाटलीबंद पाणी घालून नमुना निम्मा करा आणि परत बघा.

दुसरं मोजमाप पीएच. ७.२ ते ७.८. ७.५ ला क्लोरीनचा साधारण अर्धा भाग जोमाने काम करतो. ८ ला गेलात तर चौथाईच्या आसपास. म्हणजे बाटली तीच, पैसे तेच, काम निम्मं.

आणि वास. "पूलला क्लोरीनचा किती वास येतो, फार टाकलाय वाटतं," असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा उलट असतं. तो वास, ते डोळे लाल होणं, हे घाम आणि लघवीशी क्लोरीन जोडला गेल्याचं लक्षण आहे. म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडतोय. म्हणून आधी शॉवर, मग तलाव. आणि मुलांना आधी बाथरूम. तुम्ही हसताय, पण नातवंडांना हे घरी जाऊन सांगा.

आता जे कधीही करायचं नाही ते. ब्लीच आणि अॅसिड एकत्र नाही. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र नाही. ब्लीच आणि अमोनियाचं काच-क्लीनर एकत्र नाही. हायपो, पावडर आणि गोळ्या, नावाने सगळे क्लोरीनच असले तरी एकमेकांत मिसळायचे नाहीत. पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. एकाचं माप दुसऱ्यात बुडवायचं नाही. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच काढून ठेवायचं नाही, घरात लहान मुलं असतात. पीएच उतरवायला अॅसिड लागलंच, तर ते वेगळ्या वेळी, प्रशिक्षित माणसानेच टाकायचं. आणि कधी वास नाकात झोंबला, तर काय झालं ते बघायला खाली जायचं नाही. बाहेर, उंचावर, मोकळ्या हवेत यायचं, माणसाला बाहेर काढायचं, दवाखाना गाठायचा. मामांना ओढायला वॉचमन आत धावला, दोघेही वाचले. त्यात नशिबाचा वाटा होता, आणि प्रत्येक वेळी नशिबावर सोसायटी चालत नाही.

त्या मे महिन्यानंतर आपण काय बदललं ते नवीन रहिवाशांसाठी सांगतो. हायपो आता पत्र्याखाली नाही, जिन्याखालच्या सावलीतल्या कपाटात. अॅसिड दुसऱ्या इमारतीत, कुलपात. एका वेळी पंधरा दिवसांचंच घ्यायचं. प्रत्येक कॅनवर काय आहे, किती टक्के आहे आणि कधी आलं ते मोठ्या मराठी अक्षरात. तलावाशेजारी वही, तिच्यात सकाळ-संध्याकाळचे आकडे. कुणीही रहिवासी ती वही उघडून बघू शकतो, आणि बघावी.

ही लेबलं कोण लिहितं, ते तुम्हाला माहीत नसेल. मामा लिहितात. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. आज ते इथे मागच्या रांगेत बसलेत. मघाशी मी त्यांना म्हटलं, "मामा, तुमची गोष्ट सांगणार आहे, चालेल ना?" ते म्हणाले, "सांगा. पण कॅन कुणी आणले होते तेही सांगा."

सांगितलं, मामा.

मंडळी, पंचवीस वर्षांत या तलावात आपली मुलं पोहायला शिकली, आता त्यांची मुलं शिकतायत. उद्या घरी जाल तेव्हा मोरीतल्या फळीवरची ब्लीचची आणि टॉयलेट क्लीनरची बाटली जरा लांब लांब ठेवा, आणि दोन्हींची मागची बाजू एकदा वाचा. चष्मा लागेल. मलाही लागतो.

चहा तयार आहे असा इशारा झालाय.